पत्रिकेतलं नाव

एर्लांगेन, सोमवार, १० मार्च २०२५

निशिगंधा,

आशीर्वाद लिहिते आहे तो हाताच्या सवयीने. मनापासून द्यायला अजून राग उतरलेला नाही.

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. पुढे समुद्र आणि पांढरी पवनचक्की, मागे मोजून तीन ओळी. ‘आई, मी सुखरूप आहे. कपाटातली माझी निळी फाइल तेवढी या पत्त्यावर पाठवाल का? गौरांगला कळू देऊ नका.’ जानेवारीत सकाळी ऑफिसला म्हणून निघालेली सून दोन महिन्यांनी तीन ओळी लिहिते, आणि त्यातही सासूला काम सांगते. धन्य आहे बाई तुझी.

इथे टपाल अकराला पडतं आणि गौरांग सहाला घरी येतो, म्हणून कार्ड माझ्याच हाती लागलं. ते तूरडाळीच्या डब्यात तळाशी ठेवलंय. का, ते विचारू नकोस. पोटच्या मुलापासून त्याच्याच बायकोचं कार्ड लपवणारी सासू माझ्याखेरीज दुसरी नसेल. फोन मी करणार नाही. माझा फोन गौरांगने घेऊन दिलाय आणि त्यावर येतं ते सगळं त्याच्या लॅपटॉपवरही उमटतं. माझ्या सोयीसाठीच केलंय त्याने तसं, मला कुठे सगळं जमतं.

आता तुझ्या नवऱ्याचं ऐक. कंपनीत अकरा माणसं त्याच्या हाताखाली. घरी आल्यावर भांडी लावतो, कचरा पाच डब्यांत वेगळा करतो, माझ्या बीपीच्या गोळ्या आठवणीने देतो. तुझे सासरे गेल्यावर मला निगडीच्या फ्लॅटमध्ये एकटी ठेवायची नाही म्हणून सगळ्या आम्टांचे, म्हणजे इथल्या जर्मन सरकारी कचेऱ्यांचे, उंबरे झिजवून त्याने माझं इथे राहायचं कार्ड करून घेतलं. असा मुलगा किती जणींना मिळतो? रागावतो, हे खरं. पण ओरडत नाही. उलट आवाज खाली येतो आणि आधी उठून खिडक्या लावतो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. इथे राहून लागलेली शिस्त, दुसरं काय.

तुझा हात आता पूर्ण वळतो का? बाथरूममध्ये पाणी सांडलं होतं आणि पाय घसरला, हे त्या डॉक्टरीणबाईंना मी माझ्या तोंडाने सांगितलं होतं. दिल्लीकडची होती ती. हिंदीत तीन-तीनदा विचारत होती. मी तिन्ही वेळा तेच सांगितलं.

फाइल मी पाठवणार नाही. तुझी सर्टिफिकेटं आहेत, जन्माचा दाखला आहे, पत्रिका आहे. ये आणि घेऊन जा. नवऱ्याशी समोरासमोर बोल, भांड, मग काय ते ठरव. पळून काय मिळतं?

आई


एर्लांगेन, सोमवार, ३१ मार्च २०२५

निशिगंधा,

काल पाडवा झाला. गुढी बाल्कनीत उभारली. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ नीब्लरने विचारलं, कपडे वाळत घातलेत का. मी ‘जा, जा’ म्हटलं. इथे आल्यापासून माझ्याकडे शब्दच दोन आहेत, ‘जा’ म्हणजे हो आणि ‘गेनाऊ’ म्हणजे अगदी बरोबर. त्यावर माझं निभतं.

तुझं पत्र वाचलं. तीनदा वाचलं. तू गाडी चालवतेस! निगडीला आलीस तेव्हा चौकातून स्कूटी काढायला घाबरायचीस, मी मागे बसून ‘डावीकडे बघ’ म्हणायची. आणि आता नऊ माणसांची व्हॅन. विमानतळाच्या दारात पाटी घेऊन उभं राहायचं, पाटीवर नाव वाचून माणसं आपणहून जवळ येतात, त्यांना हॉटेलवर सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी मठ, बंदर, डोंगरावरचं गाव दाखवायचं. मालक सत्तरीचा, त्याला ग्रीकशिवाय दुसरी भाषा नाही, म्हणून जर्मन बोलणारी तू त्याच्या फार उपयोगाची. वाचून हसू आलं. जर्मन म्हाताऱ्यांना बेट फिरवतेस आणि सासूला इथला न्यूर्नबर्गचा किल्ला कधी दाखवला नाहीस.

आणि तिथे तुला वासंती म्हणतात म्हणे. मला आधी आठवेना, मग तुझी फाइल काढून पत्रिका पाहिली. रोहिणी नक्षत्र, दुसरा चरण, ‘वा’वरून वासंती. ‘हे नाव फक्त माझ्या आईला माहीत होतं, ती गेल्यावर ते कुणी कधी घेतलं नाही, म्हणून तेच घेतलं,’ असं लिहिलंयस. ते वाचून मला लागलं. लग्नात गौरांगने ताटातल्या तांदळात अंगठीने ‘निशिगंधा’ लिहिलं तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला होता. अवनी म्हणून सव्वीस वर्षं वाढलेली मुलगी. तिला आधी विचारायला हवं होतं, हे माझ्या मनात आलं होतं. बोलले नाही. मांडवात कोण बोलतं?

गौरांग तुला शोधतोय. नवऱ्याने शोधायचं नाही तर कुणी? अथेन्सच्या तिकिटाचा ई-मेल त्याला सापडला, म्हणजे देश कळला. पुढे कुठे गेलीस ते कळत नाही. रोज जेवण झालं की लॅपटॉप उघडतो, एकदा ‘निशिगंधा’ टाकतो, एकदा ‘अवनी’ टाकतो. काल श्रीखंड खाता खाता सहज म्हणाला, ‘‘आई, तिला अजून एखादं नाव होतं का ग? लाडाचं, माहेरचं?’’

मी म्हटलं, ‘‘अवनीच म्हणायचे. माहेरी लाड करायला होतं कोण?’’

‘‘गेनाऊ,’’ म्हणाला आणि वाटी धुवायला उठला.

बघ, सासू वाटते तेवढी वाईट नाही. पण किती दिवस? माझ्या तोंडाला कुलूप घालून तू तिकडे समुद्र बघत बसणार आणि मी इकडे मुलाच्या तोंडाकडे बघत. तो जेवत नाही नीट. तुझी उशी त्याने हलवलेली नाही. एक पत्र त्याला लिही, पत्ता न देता लिही हवं तर.

फाइलचं माझं म्हणणं तेच आहे.

आई


एर्लांगेन, शुक्रवार, २ मे २०२५

निशिगंधा,

इथे सगळीकडे पांढरा श्पार्गेल आलाय. बाजारात बायका त्यावर तुटून पडतात. मी एकदा त्याची भाजी केली, मोहरी-हिंगाची फोडणी दिली, तरी पाण्यासारखीच लागली. हवा छान आहे. फ्राउ नीब्लरचा गुडघा दुखतो, तिला मी ओवा घालून तेल गरम करून दिलं.

हे सगळं लिहिते आहे कारण पुढचं लिहायला हात होत नाही.

परवा अक्षय्य तृतीया झाली. आठ दिवस आधी गौरांग म्हणाला, ‘‘आई, तिच्यासाठी काहीतरी करू या. अनुष्ठान वगैरे. निगडीच्या श्रीनाथ गुरुजींना व्हिडिओवर सांगू.’’ मला काय आनंद झाला म्हणून सांगू. ज्याने मुंजीनंतर जानवं महिनाभर ठेवलं नाही, तो पूजा करू म्हणतोय. मला वाटलं, माणूस हलला. मी पुरण घातलं, चौरंग नव्हता म्हणून तुमची ती बूट घालताना बसायची छोटी बैठक घासून पुसून घेतली, वर रेशमी ओढणी घातली.

गुरुजी स्क्रीनवर. संकल्पाला आलो. गोत्र झालं, माझं नाव झालं, गौरांगचं झालं. मग गुरुजी म्हणाले, ‘‘सूनबाईंचं नाव? व्यवहारातलं सांगा, चालेल.’’

गौरांग म्हणाला, ‘‘नको गुरुजी. जन्मनावच घ्या. पूजा तिला पोचायला हवी ना. आई, पत्रिकेत असेल बघ, तू तिची फाइल जपून ठेवली आहेस ना?’’

फाइल मी जपून ठेवल्याचं त्याला माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं.

ताम्हन समोर, हातात पळी, पळीत पाणी. गुरुजी थांबलेले. मला ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. कुठलंही नाव सांगता आलं असतं, वत्सला, विमला. माझ्या तोंडून निघालं, ‘‘वासंती. रोहिणी नक्षत्र.’’ देवापुढे खोटं नाव कसं घेऊ? तुझ्या नावाने सोडलेलं पाणी दुसऱ्याच कुणाला गेलं असतं. त्या डॉक्टरीणबाईंसमोर माझी जीभ एकदाही अडखळली नव्हती आणि पळीभर पाण्यासमोर ती सरळ झाली. स्वतःला दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

गौरांगने वहीत लिहून घेतलं. संकल्प कुणी वहीत लिहून घेतं का? मला विचारलं, ‘‘वा, स, अनुस्वार की न्?’’ मग प्रसाद खाल्ला, पुरणाला छान म्हणाला.

तू काळजी करू नकोस. नुसत्या नावाने काय होतं? ग्रीस केवढा मोठा देश, हजारो बेटं आहेत म्हणतात. मी उगाच मनाला लावून घेते आहे. दोन रात्री तो लवकर झोपला, लॅपटॉप उघडला नाही. त्याचंच जरा नवल वाटतंय.

आई


एर्लांगेन, सोमवार, १९ मे २०२५

अवनी,

हे पत्र उघडलंस की उभ्या उभ्या पूर्ण वाच.

गौरांगला तू सापडली आहेस. तो गुरुवारी, २९ तारखेला, तुझ्या बेटावर येतोय. मला बरोबर आणतोय. २९ तारखेला विमानतळावर जाऊ नकोस. कुणाचीही पाटी घेऊन जाऊ नकोस.

कसं झालं ते लिहिते. काल रविवारी नाश्ता झाल्यावर म्हणाला, ‘‘आई, तुला समुद्र दाखवतो. हिम्मेलफार्टची सुट्टी आहे, शुक्रवार मी काढलाय. चार दिवस.’’ मी म्हटलं, कशाला खर्च. त्याने लॅपटॉप माझ्या बाजूला वळवला. पवनचक्की. तुझ्या कार्डावरचीच, रंगसुद्धा तोच. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला, हळूच.

खाली तुमच्या गाडीचा फोटो, त्याच्याखाली लोकांनी लिहिलेलं. त्याने एकेक ओळ मला मराठीत वाचून दाखवली, गोष्ट सांगतात तशी. ‘‘हे बघ, हानोव्हरचं जोडपं आहे. विमान दीड तास उशिरा आलं, तरी वासंती पाटी घेऊन थांबलेली होती. वासंतीने आम्हाला मठ दाखवला, पायऱ्या चढताना माझ्या बायकोचा हात धरला. किती गोड, नाही का? हे दुसरं बघ. वासंतीची जर्मन भाषा उत्तम आहे, मागायची असेल तर तिलाच मागा.’’ आणि माझ्याकडे बघून हसला. ‘‘मी तिलाच मागितलंय.’’

एअरपोर्ट ट्रान्सफर दोन माणसांचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या दिवसाचं साइटसीइंग, फक्त आपलीच गाडी, इतर कुणी नको, असं बुकिंग केलंय. मी विचारलं, ‘‘आपलं नाव वाचून ती येईल का?’’ तो म्हणाला, ‘‘आपलं नाव कुठे दिलंय? फ्राउ नीब्लरचं दिलंय. दोन म्हातारी माणसं, गुडघे दुखतात, हळू चालतात.’’

म्हणजे तू ‘नीब्लर’ची पाटी घेऊन दारात उभी असशील आणि दोन म्हाताऱ्यांची वाट बघत असशील. समोरून आम्ही येऊ. मला पुढे ठेवून येणार तो. म्हणाला, ‘‘तुला बघितलं की ती पळणार नाही, आई. तुझा तिला लळा आहे.’’

मी म्हटलं, ‘‘गौरांग, तिच्याशी बोलणार ना नीट?’’

‘‘बोलणारच आहे. म्हणून तर गाडीत दुसरं कुणी नको.’’ आवाज अगदी खाली आला होता. मग तो उठला आणि खिडकी लावली. बाहेर इतकं ऊन होतं, अवनी, आणि त्याने खिडकी लावली.

आजवर तुला लिहिलेलं सगळं मी एका बाजूला ठेवते. ये, भांड, समोरासमोर बोल, असं लिहिणारी बाई मूर्ख होती. मूर्खही नव्हती, तिला सगळं माहीत होतं. त्या दिवशी बाथरूम कोरडी होती. आंघोळी दोन तास आधी होऊन गेल्या होत्या, पायपुसणंसुद्धा वाळलं होतं. तुझा पाय घसरलाच नव्हता. हात त्याने पिरगळला. डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारलं ते तिला पटलं नव्हतं म्हणून, आणि तिन्ही वेळा तू माझ्याकडे बघत होतीस. मी एकदा नाही म्हटलं असतं तर तू तेव्हाच सुटली असतीस. मला माझा मुलगा वाचवायचा होता. कुणापासून, ते आता विचारते आहे.

पत्र पोचायला मागच्या वेळी नऊ दिवस लागले होते. आज सोमवार. आता चौकातल्या पेपरच्या दुकानात टाकून येते, तिथे पोस्टाचं काउंटर आहे. नऊ दिवस म्हणजे बुधवार. एक दिवस उशीर झाला तर गुरुवार. मला दुसरं काही सुचत नाही.

अरुंधती


एर्लांगेन, बुधवार, २८ मे २०२५, दुपारी चार

अवनी,

मागचं पत्र मिळालं का, कळायला मार्ग नाही. तुझ्याकडून काही आलेलं नाही.

मधल्या दिवसांत काय केलं ते सांगते. मी खाली फ्राउ नीब्लरकडे गेले. तिच्या फोनमध्ये मराठीत बोललं की जर्मन उमटतं. मी म्हटलं, माझा मुलगा तुमच्या नावाने माझ्या सुनेला फसवतोय. तिने दोनदा वाचलं, चष्मा बदलून पुन्हा वाचलं आणि मला खुर्ची दिली. मग तिच्याच फोनवर तुमच्या कंपनीचं पान काढून नंबर लावला. तुझ्या मालकाने उचलला. ती ‘वासंती? वासंती?’ म्हणत राहिली, तो ‘ने, ने’ म्हणत राहिला. इथे ‘ने’ म्हणजे नाही. तिला वाटलं तू नोकरी सोडून गेलीस. तिने ‘गॉट झाय डांक’, देवाची कृपा, म्हणत फोन ठेवला आणि आम्ही दोघींनी तिच्याकडचा केक खाल्ला. संध्याकाळी तिच्या मुलीने सांगितलं की ग्रीक माणूस ‘ने’ म्हणतो म्हणजे हो म्हणतो. तू तिथेच होतीस. कदाचित त्याच खोलीत होतीस. नंतर चार वेळा लावला, कुणी उचलला नाही.

ती म्हणाली, पोलिसात चला. मी विचारलं, काय सांगू? मुलाने आईला समुद्र दाखवायचं तिकीट काढलं, हे? 

मग मला जे करता येत होतं ते केलं. तुझी निळी फाइल सोमवारी रजिस्टर पोस्टाने पाठवली. सर्टिफिकेटं, जन्माचा दाखला, पत्रिका, सगळं मोजून घातलं. त्यात गौरांगचा पासपोर्टही आहे. चुकून गेलेला नाही. टेबलाच्या खणातून मी काढला आणि घातला. तुझ्या वकिलाला दे, की पोलिसांना दे, ते तू ठरव. त्याच्या हाती इतक्यात लागू नये एवढंच मला हवं होतं. विमान उद्या सकाळी सव्वासहाचं आहे. पासपोर्टशिवाय त्याला कुणी आत सोडणार नाही.

त्याला अजून माहीत नाही. बॅगा माझ्याकडून भरून घेतल्यात. कागदपत्रं मी बघतो, म्हणालाय. आज सहाला येईल, हातपाय धुईल, खण उघडील. दहा मिनिटं शोधील. मग मला विचारील.

मी सांगणार आहे. फ्राउ नीब्लर म्हणते, वर जाऊच नकोस, माझ्याकडे राहा. तिच्या सोफ्यावर तिने चादरसुद्धा घातली. पण मी खाली लपले तर तो तुझं नाव घेऊन घरभर फिरेल, आणि उद्या नाही तर महिन्याने दुसरा पासपोर्ट काढील. त्याला कुणीतरी समोर उभं राहून सांगायला हवं, की तिला मी कळवलंय, आणि हाताचं खरं काय ते मी लिहून दिलंय. ते सांगणारी घरात मी एकटीच आहे. मी त्याला लहानपणापासून कशालाच नाही म्हटलं नाही. हे कुठल्या गुणाचं लक्षण नव्हतं, मला त्याच्या बापाची भीती वाटायची आणि नंतर त्याची वाटायला लागली. आजही वाटते आहे. अक्षर बघ कसं आलंय.

हात तुटला तर तुटेल, प्लास्टर होतं. त्याच्यापलीकडे तो जाईल असं वाटत नाही. आई आहे मी त्याची. असं वाटत नाही, एवढंच लिहिते. त्याहून जास्त लिहायला माझ्याकडे खात्री नाही.

हे पत्र खाली फ्राउ नीब्लरकडे देऊन वर येईन, उद्या ती टाकील. मघाशी तिला त्या फोनमधून विचारलं, वर कुणी ओरडलं तर तुम्हाला खाली ऐकू येतं का?

तिने चष्मा काढला. मग ‘जा’ म्हणाली. मग फोनमध्ये हळू आवाजात काहीतरी बोलली आणि तो माझ्यापुढे धरला. ‘नोव्हेंबरमध्ये रविवारी ऐकू आलं होतं. तुमची सून होती.’

त्या रविवारी संध्याकाळी आपल्या दारावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. आपण दवाखान्यातून आलो तेव्हा ती तिथेच होती, तुला आठवत असेल. गौरांगने ती वाचून दाखवली होती. रविवारी मिक्सर लावू नये, इमारतीचा नियम आहे. आम्ही हसलो होतो त्या चिठ्ठीला. आज मी तिला विचारलं, ओरडणं ऐकू आलं होतं तर चिठ्ठी मिक्सरची का? ती रडायला लागली. म्हणाली, काय लिहायचं ते कळलं नाही, मिक्सरबद्दल लिहिता येत होतं.

आज ती दार उघडं ठेवून बसणार आहे. पोलिसांचा नंबर फोनवर काढून ठेवलाय. मी तिला काही बोलले नाही, मला कुठे तोंड आहे? तिच्यापेक्षा मी तुझ्या जवळ होते. मधे एक भिंत होती. तू पहिल्यांदा ‘आई’ म्हणून हाक मारलीस तेव्हा मी मिक्सर लावला. दुसऱ्यांदा मारलीस तेव्हा तो चालूच होता. चटणी तोवर कधीच वाटून झाली होती.

वरचा सगळा मजकूर मी माझ्या हाताने, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, पूर्ण शुद्धीत लिहिला आहे. कुठेही दाखव.

अरुंधती उल्हास टिपणीस